जी श्येनलिन: ‘रामायणाचे भाषांतरकार’ या ओळखीपलीकडे काय सांगायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्कृत एम.ए.च्या वर्गात तुम्हाला चिनी लेखक आणि पंडित जी श्येनलिन यांच्यावर २० मिनिटं बोलायचं आहे. शोधलं की सगळीकडे दोनच वाक्यं हाती लागतात. एक, त्यांनी तुरुंगात बसून रामायण चिनी भाषेत नेलं. दोन, भारताने त्यांना पद्मभूषण दिलं. हे कितपत खरं, आणि याखेरीज काय सांगता येईल?

मी गेली २६ वर्षं पुण्यात चिनी शिकवते. दिवसा कारखान्यांचे करारनामे आणि यंत्रांच्या पुस्तिका भाषांतरित करते, आणि वर्गात दरवर्षी जींचा एखादा तरी निबंध घेतेच. म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: ‘जी’ हे त्यांचं आडनाव आहे आणि चिनी माणसाचं आडनाव आधी येतं. आमच्या एका कार्यक्रमात निवेदकाने त्यांना सारखं ‘श्येनलिनजी’ म्हटलं आणि शेवटी श्रोत्यांना त्यांचं आडनावच कळलं नाही.

मला वाटतं, तुमची अडचण माहितीच्या तुटवड्याची नाही. ती दोन वाक्यं जींना भारत-चीन मैत्रीचं बोधचिन्ह करून मोकळी होतात. स्वागताच्या भाषणात ते चालतं. संस्कृतच्या वर्गातली मुलं मात्र विचारणार, हे व्याकरण कुणाकडे शिकले, रामायणाची कुठली प्रत घेतली, अनुष्टुभाचं काय केलं? यांची उत्तरं ठाऊक असली की माणूस आपोआप उभा राहतो.

आधी ‘तुरुंगात’ हा शब्द खोडा. घटना अशा आहेत. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती, म्हणजे माओने जुन्या विचारांविरुद्ध छेडलेली हिंसक राजकीय मोहीम, सुरू झाली तेव्हा जी पेकिंग विद्यापीठात पौर्वात्य भाषा विभागाचे प्रमुख होते. सुरुवातीला त्यांना फारशी झळ लागली नाही. मग विद्यापीठातल्या सत्ताधारी गटाच्या विरोधी गटात ते आपण होऊन सामील झाले आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये त्यांच्या घराची झडती झाली. पुढच्या वर्षी त्यांना ‘गोठ्यात’ टाकलं. ‘बैल-भुतं आणि साप-पिशाच्चं’ अशी शिवी देऊन ज्यांना वेगळं काढलं जाई, त्यांना कोंडायची जागा ती गोठा. विद्यापीठाच्या आवारातच हा गोठा होता आणि तो कैद्यांनी स्वतःच्या हातांनी बांधला होता. तिथे मारहाण होती, अपमान होते, सक्तीची मेहनत होती. रामायण तिथे झालेलं नाही. तिथे माणूस जिवंत राहिला हेच पुष्कळ.

भाषांतर सुरू झालं १९७३ मध्ये. तोवर सुटका झालेली होती, पण शिकवायला परवानगी नव्हती. एका वसतिगृहाच्या दारावर त्यांना बसवलं होतं. आलेली पत्रं आणि वर्तमानपत्रं वाटायची, दूरध्वनी आला की ज्याचा असेल त्याला हाक मारायची. संस्कृत आणि पाली शिकवणारा, साठी ओलांडलेला प्राध्यापक दिवसभर हे करत होता. वाल्मीकींकडे ते वळले ते या नोकरीत. हे दीर्घकाव्य आपल्या हयातीत छापलं जाईल अशी आशाही त्यांना नव्हती. निदान मन कशात तरी गुंतवावं, एवढाच हेतू होता.

प्रत बडोद्याची. तिथल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने रामायणाची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, काढली होती, ती त्यांनी विभागाच्या ग्रंथालयामार्फत भारतातून मागवली. त्या काळात असं पुस्तक येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता, पण दोन महिन्यांच्या आत जाडजूड खंड येऊन पडले. ते दारावर नेऊन उघडणं शक्य नव्हतं. जुनंपुराणं, त्यातून परदेशी, कुणी पाहिलं असतं तर नवं संकट ओढवलं असतं. म्हणून ते रात्री घरी मूळ श्लोक वाचून अर्थ लावून ठेवत, त्याचा सरळ गद्य मजकूर कागदाच्या चिटोऱ्यांवर उतरवत आणि चिटोरे खिशात घालून सकाळी कामावर जात. मग वाटेत, दाराशी, जिन्यात माणसं येत-जात असताना त्या गद्याच्या ओळी मनातल्या मनात जुळवायच्या. यमक बसलं की चिटोऱ्यावर लिहायचं आणि घरी जाऊन साफ प्रत करायची.

हा भाग मी वर्गात नेहमी सावकाश सांगते, कारण यातून त्यांच्या भाषांतराची घडण कळते. श्लोक म्हणजे बत्तीस अक्षरं. चिनी शब्द मुळातच आखूड, विभक्ती नाही, समास उलगडला की अर्थ चारी दिशांना पळतो. अभिजात चिनी कवितेच्या कडक नियमांत एवढं मोठं आख्यान बसवणं अशक्य, आणि मोकळ्या गद्यात टाकलं तर काव्य गेलं. जींनी मधला रस्ता धरला. एका श्लोकाच्या साधारण चार ओळी, लांबी जवळपास सारखी, यमक ढिलं, चाल तोंडावर बसणाऱ्या लोकगीताची. ही निवड केवळ सौंदर्यदृष्टीतून झालेली नाही, असं माझं मत आहे. चालता-चालता मनात जुळवायच्या ओळी तोंडावर बसणाऱ्याच असाव्या लागतात. मी स्वतः बसमध्ये एखादा परिच्छेद चिठ्ठीवर घेऊन जाते तेव्हा उतरेपर्यंत जी वाक्यं डोक्यात टिकतात ती जवळजवळ नेहमी साधी आणि लयदार निघतात.

काम पुरं व्हायला दहा वर्षं लागली. सातही कांडं, एकूण आठ पुस्तकं, १९८० ते १९८४ या काळात बीजिंगला छापली गेली. तोवर दिवस पालटले होते, जी विद्यापीठाचे उपकुलगुरूही झाले होते. एक सावधगिरी: चिकित्सित आवृत्ती प्रचलित पाठापेक्षा बरीच लहान आहे. प्रचलित पाठाचे श्लोक २४ हजार धरतात, बडोद्याच्या पाठात ते १९ हजारांच्या आत येतात. ‘आदित्यहृदय चिनीत कसं आलंय?’ असं कुणी विचारलं तर सांगा की त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात ते नाहीच. आणि जींनी रामायणाची नुसती भलामण केलेली नाही. झाडांच्या, शस्त्रांच्या लांबलचक याद्या आल्या की त्यात काव्य उरत नाही आणि भाषांतरकाराचा जीव मेटाकुटीला येतो, हे त्यांनी उघड लिहिलं. ज्याने एकेक श्लोक खिशात घालून वागवला, त्याला हे म्हणायचा अधिकार आहे.

आता, संस्कृत शिकले कुठे? इथे तुमच्या वर्गाला सर्वांत जास्त रस वाटेल.

जन्म ६ ऑगस्ट १९११, शांतुंग प्रांतातल्या एका खेड्यात, अत्यंत गरीब घरात. सहाव्या वर्षी त्यांना जिनान शहरात काकांकडे पाठवलं. १९३० मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात पाश्चात्त्य साहित्याला प्रवेश. तिथे छन यिन्क या थोर इतिहासकाराची बौद्ध भाषांतरित साहित्यावरची व्याख्यानं त्यांनी ऐकली आणि बी तिथे पडलं. १९३५ मध्ये विद्यार्थी-देवाणघेवाणीतून ते जर्मनीत ग्योटिंगेनला पोचले. दोन वर्षांसाठी गेलेला माणूस युद्धामुळे दहा वर्षं अडकला.

१९३६ च्या वसंतात त्यांनी संस्कृत घेतलं. शिक्षक एर्न्स्ट वाल्डश्मिट. वर्गात विद्यार्थी एकच, हे स्वतः, आणि तरी प्राध्यापक पूर्ण तयारीने शिकवत. पद्धत अशी की दोनेक तास वर्णमाला, आणि मग थेट उतारे. पोहायला शिकवायचं तर पोराला पाण्यात ढकलून द्यावं, तशी ही जर्मन रीत. एकेका वाक्याला तास-तास लागे. पण चार-पाच सत्रांत माणूस पोहायला लागे.

प्रबंधाचा किस्सा जरूर सांगा. विषय होता ‘महावस्तु’ या बौद्ध ग्रंथातल्या गाथांमधली क्रियापदांची रूपं. जींनी त्याला भली मोठी प्रस्तावना लिहिली. वर्षभर खपून, जगातल्या सगळ्या विद्वानांची मतं गोळा करून. वाल्डश्मिट यांनी ती परत दिली तेव्हा पहिल्या शब्दाआधी एक कंस होता आणि शेवटच्या शब्दानंतर दुसरा. म्हणजे सगळं काढून टाक. कारण असं की यातली बहुतेक मतं इतरांची आहेत, तुझं नवं काय ते प्रबंधात आहे, आणि कुणी या प्रस्तावनेवर हल्ला केला तर तुला ती राखता येणार नाही. जींना तो घाव आयुष्यभर पुरला, आणि त्याबद्दल त्यांना आयुष्यभर कृतज्ञता वाटली. मीही हा किस्सा ऐकल्यापासून विद्यार्थ्यांच्या प्रस्तावना वाचताना पेन्सिल हातात घेते.

१९३९ मध्ये वाल्डश्मिट यांना सैन्यात बोलावणं आलं. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, निवृत्त झालेले एमिल झीग पुन्हा शिकवायला आले. झीग म्हणजे तोखारी भाषा वाचणाऱ्या पहिल्या दोन-तीन माणसांतले एक. मध्य आशियाच्या वाळवंटातून निघालेली ही मृत भाषा त्यांनी जींच्या गळ्यात जवळजवळ बळेच घातली. माझ्याजवळ आहे ते मी तुला देणार, अशी ती वृत्ती. बाहेर युद्ध, रात्री शहरात दिवे बंद. हिवाळ्यात बर्फावरून हा चिनी विद्यार्थी म्हाताऱ्या गुरूचा हात धरून त्यांना अंधारातून घरी सोडायचा. अन्न शिधापत्रिकेवर होतं, जी कायम उपाशी असत. तरी त्यांनी आपल्या वाट्याचं लोणी साठवलं, कुठून कुठून पीठ, अंडी, साखर मिळवली आणि नावाजलेल्या दुकानातून केक भाजून घेऊन झीग यांच्या दारी नेला. म्हाताऱ्याचे हात थरथरले. त्यांनी बायकोला हाक मारली, दोघांनी मिळून तो घेतला आणि आभाराचा शब्दही त्यांच्या तोंडून फुटला नाही.

पदवी १९४१ मध्ये मिळाली. संशोधनाचा एक नमुना द्यायचा असेल तर हा घ्या, तुमच्या वर्गाला चटकन कळेल. मध्य भारतीय आर्य भाषांत, म्हणजे पाली-प्राकृतासारख्या भाषांत, शब्दाच्या शेवटचा ‘-अं’ काही ग्रंथांत ‘-ओ’ किंवा ‘-उ’ होतो. जींचं प्रतिपादन असं की हे वायव्येकडच्या बोलीचं लक्षण आहे. म्हणजे ज्या ग्रंथात ते दिसतं, तो त्या प्रदेशातून प्रवास करून आलाय. एवढ्याशा शेवटावरून ग्रंथाचा मार्ग शोधायचा! अमेरिकेचे संस्कृत पंडित फ्रँकलिन एजर्टन यांना हे पटलं नाही आणि वाद बराच काळ चालला. चिनीतला बुद्धवाचक ‘फो’ हा शब्द संस्कृत ‘बुद्ध’मधून सरळ आलेला नाही, मध्य आशियाई भाषांच्या मार्गाने आलाय, हा त्यांचा १९४७ चा निबंधही याच जातीचा. आणि झीग यांनी दिलेली तोखारी? चीनमध्ये परतल्यावर तिची साधनं नाहीत म्हणून ती जवळपास गंजली होती. १९७४ मध्ये शिनज्यांगमध्ये तोखारी हस्तलिखिताची ४४ पानं सापडली. मैत्रेय बुद्धावरचं ते नाटक जींनी सत्तरीत वाचायला घेतलं आणि १९९८ मध्ये दोन युरोपीय तज्ज्ञांच्या साथीने इंग्रजीत प्रसिद्ध केलं.

साखरेबद्दल दोन शब्द, कारण हा ग्रंथ आपल्याकडे कुणी सांगतच नाही. वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या लेण्यांत सापडलेल्या एका बौद्ध हस्तलिखिताच्या पाठीमागे कुणीतरी साखर करायची कृती खरडली होती: पश्चिमेकडच्या पाच हिंदुस्थानांत (जुने चिनी लेखक भारताचे असे पाच भाग धरत) तीन जातींचा ऊस होतो, त्यातल्या एकापासून उत्तम ‘शागलिंग’ होते. जींनी ओळखलं की ही तर आपली ‘शर्करा’. तिथून पुढे त्यांनी साखरेचा इतिहास लिहिला, दोन खंडांत. ऐंशी ओलांडल्यावर रोज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन जुन्या ज्ञानकोशांची पानंच्या पानं ते ‘साखर’ या एका शब्दासाठी चाळत. थांग घराण्याच्या सम्राट थायत्सुंगने ६४७ मध्ये मगधाला माणसं पाठवून उसाचा रस आटवण्याची रीत शिकून घेतली. पुढे चिनी कारागिरांनी ती इतकी पांढरी केली की तीच साखर समुद्रमार्गे परत आली आणि हिंदीत तिचं नाव ‘चीनी’ पडलं. मराठीने मात्र ‘साखर’ म्हणत शर्करेचाच धागा धरून ठेवला. शब्दाच्या पाठीवर बसून माल कसा जातो-येतो, हे याहून सोप्या उदाहरणाने मला अजून सांगता आलेलं नाही.

लेखक म्हणून ते कसे होते, हे श्रोते कोण आहेत त्यावर सांगायचं की नाही ते ठरवा. चीनमध्ये सामान्य वाचक त्यांना निबंधांमुळेच ओळखतो. मी पहिल्यांदा वाचायला देते तो निबंध आईवरचा, कायमच्या पश्चात्तापाचा. त्यात लहानपणच्या खाण्याचे तीन रंग आहेत: पांढरं म्हणजे गव्हाचं, पिवळं म्हणजे मक्याचं किंवा राळ्याचं, आणि लाल म्हणजे ज्वारीचं. आई आयुष्यभर लाल खात राहिली. एकदा वर्गात सोलापूरकडची एक मुलगी हे वाचताना थांबली आणि म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं ज्वारी म्हणजे रोजचं जेवण. इथं ती गरिबीची खूण का?” त्या तासाला पुढचं काही झालं नाही, पण निबंध सगळ्यांना समजला. त्या भागातली लाल ज्वारी कडवट आणि घशाखाली न उतरणारी असते, तिथे ती शेवटचा पर्याय होती. काकांकडे गेल्यावर जी आईला फक्त एकदोनदाच भेटले. १९३३ मध्ये ती गेली तेव्हा ते विद्यापीठात होते. शेजारणीने नंतर सांगितलं की आई म्हणायची, हा परत यायचाच नाही हे ठाऊक असतं तर मी त्याला जाऊ दिलाच नसता. हा निबंध त्यांनी ऐंशी पार केल्यावर लिहिला.

गोठ्याच्या आठवणींचं पुस्तक १९९२ मध्ये लिहून त्यांनी बाजूला ठेवलं आणि १९९८ मध्ये छापलं. त्याचा इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे, तो जरूर वाचा. घराच्या झडतीनंतर त्यांनी मरायचं ठरवलं होतं. झोपेच्या गोळ्या खिशात, जुन्या उद्ध्वस्त राजउद्यानातल्या बोरूच्या बेटात जायचा बेत. निघणार तोच दारावर थापा पडल्या आणि पोरं त्यांना जाहीर निंदेच्या सभेला ओढत घेऊन गेली. तिथला मार खाल्ल्यावर त्यांना वाटलं, माणसाला एवढं सोसता येतं तर जगायलाही हरकत नाही. मला या पुस्तकातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की ते स्वतःला निर्दोष ठरवत नाहीत. आपणही त्या चळवळीवर विश्वास ठेवला होता, हे ते लिहितात. मारणाऱ्यांवर सूड उगवायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण झालेलं विसरलं जाऊ नये, हा आग्रह होता.

आपल्याकडचे धागे खरे आहेत तेवढेच घ्या. जींचे सहकारी जिन खमू हे १९४० च्या दशकात सारनाथला पाली पंडित धर्मानंद कोसंबींकडे शिकले होते, म्हणजे गोव्यातल्या साखवाळच्या गुरूंची विद्या पेकिंगला पोचली. जी आणि जिन या दोघांनी १९६० मध्ये संस्कृत-पालीचा वर्ग सुरू केला. त्यातल्या ह्वांग बाओशंग यांच्या नेतृत्वाखाली महाभारताचं संपूर्ण चिनी भाषांतर २००५ मध्ये आलं, आणि ते पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीवरून केलेलं आहे. शिवाय जींनी सहकाऱ्यांसह ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनाची सटीप आवृत्ती १९८५ मध्ये काढली. त्यात महाराष्ट्र आहे, राजा पुलकेशी आहे, आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत व सूड घ्यायचा तर आधी कळवून घेतात, हे वर्णनही आहे.

पद्मभूषण २००८ मध्ये मिळालं. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी ते बीजिंगच्या इस्पितळात जाऊन दिलं. ११ जुलै २००९ रोजी जी गेले. शेवटच्या वर्षांत लोक त्यांना ‘राष्ट्रीय विद्येचा महागुरू’, ‘राष्ट्राचा ठेवा’ वगैरे म्हणू लागले, तेव्हा या पदव्या माझ्या डोक्यावरून उतरवा, असं त्यांनी छापून सांगितलं. उतारवयात त्यांनी येणारं शतक पूर्वेचं, असं भाकीतही मांडलं. मला तो त्यांचा सर्वांत कच्चा भाग वाटतो. ‘-अं’चा ‘-ओ’ कुठे होतो हे पुराव्याने दाखवणारा माणूस तिथे मोठमोठ्या विधानांवर समाधान मानतो. व्याख्यानात यावर वेळ घालवू नका, पण कुणी विचारलं तर टाळूही नका.

तुमच्या वर्गासाठी मी अशी वाटणी करीन: पाच मिनिटं ग्योटिंगेन, आठ मिनिटं दारावरचं रामायण, तीन साखर, उरलेली आई आणि गोठा. मैत्रीचं वाक्य म्हणायचंच असेल तर ते अध्यक्षांसाठी सोडा. श्रोते भाषाशास्त्राचे नसतील तर ‘-अं’चा भाग गाळा आणि केक ठेवा. आणि एक करा. फळ्यावर ‘तपःस्वाध्यायनिरतं’ हा पहिला श्लोक लिहा, समास सोडवायला लावा आणि मग प्रत्येकाला चिटोरा देऊन त्याच्या चार ओळी मराठीत, यमकासह, कागदाकडे न बघता मनातल्या मनात जुळवायला सांगा. वेळ द्या तीन मिनिटं. जींच्या चिनी ओळी शेजारी लिहायच्या असतील तर मला कळवा, मी उच्चारासकट देवनागरीत उतरवून देईन.